पार्वताबाईच्या सुरीची मूठ

या, असे जवळ या. दारातूनच काय बोलता? आणि आल्या आल्या वाघाचं विचारू नका बरं. तुम्हा शहरातल्या लोकांची ही सवय मला मुळीच आवडत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव निघालं की पहिला प्रश्न वाघाचा, दुसरा उन्हाचा, आणि तिसऱ्याच्या आत तुमची गाडी सुटायची वेळ होते. अहो, इथे माणसंही राहतात. माझ्या भिंतीपलीकडे एक माणूस राहतो, तो वाघाहून दुर्मिळ आहे. वाघ निदान फाडतो तरी. या माणसाने आयुष्यात काही फाडलेलं मी पाहिलेलं नाही.

लटारीभाऊ त्यांचं नाव. वय सत्तरीच्या पलीकडे, अंगात कायम कारखान्यातला खाकी सदरा, आणि घरात कात्री नाही. सुतळी कापायची नाही, सोडायची. पाकीट फाडायचं नाही, उकलायचं. दुधाची पिशवी आपण कोपरा कापून ओततो. लटारीभाऊ तिची शिवण शोधतात, नखाने तिला गोंजारत बसतात, आणि शेवटी ती बिचारी लाजेखातर उघडते. तोवर इकडे चहाचं पाणी आटून भांडं करपायला लागलेलं असतं.

"कापाले काय लागते, बाई?" ते म्हणतात. "कापनं तं उंदरालेही येते."

भद्रावतीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर पेट्या बंद करायचं काम केलं. खिळे ठोका, पट्ट्या आवळा, गाठी मारा. कदाचित त्याचंच उट्टं काढत असतील. रिटायर झाले तेव्हा त्यांना चकचकीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तो कागद त्यांनी दोन दिवस बसून उकलला, एक टवका न जाऊ देता. घड्याळ केव्हाच बंद पडलं. कागद अजून नवा आहे, पेटीत घडी घालून ठेवलेला.

त्यांचं एक शास्त्र आहे. त्यांच्या मते जगातला प्रत्येक गोंद कोणाला ना कोणाला मानतो. तो कोणाला मानतो एवढं कळलं की झालं. "डिंक पान्याले मानते. लाख आंचीले मानते. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन पेट्रोलाले मानते. जबरदस्ती केली का कोनीच नाई मानत." हे बोलताना ते वस्तू नाकाशी धरून वास घेत असतात. गोंदाचा वास घेतल्याशिवाय त्यांचं निदान होत नाही. डॉक्टर नाडी पाहतो ना, तसं.

एकदा निवडणुकीत कोणी तरी माझ्या दारावर उमेदवाराचा फोटो चिकटवून गेलं. मी खराट्याची काडी घेऊन खरवडायला लागले तर भिंतीवरून डोकावले. "अवो बाई, काऊन त्याचं तोंड ओरबाडून राह्यल्या? इकडे या." आणि कोमट तेलाचं बोट फिरवत फिरवत त्यांनी तो अख्खा उमेदवार दारावरून सोलून काढला. हसत होता तसाच हसत निघाला. मग तो दोन्ही हातांवर तोलून मला विचारतात कसे, "आता याले कुठी लावू?"

आणखी एक सांगते. गल्लीतल्या एका लग्नात नवरा-नवरीच्या उपरण्या-शालूची गाठ भिजून अशी आवळली की सुटेना. बस दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, नवरीची आत्या कात्री आणायला पळाली. लटारीभाऊ मध्ये आडवे. "कात्री आनली तं मी इथीच बसतो." ते खरंच बसले. नवरा-नवरीलाही बसवलं, मध्ये स्वतः, आणि हातात एक बांबूची बारीक काडी. ड्रायव्हर गाडी बंद करून जेवायच्या पंगतीला जाऊन आला. मग गाठ सुटली. भाऊ उठले आणि म्हणाले, "पहा, दोघंही साबूत."

त्यांच्या बायकोचं, पार्वताबाईचं, या सगळ्याबद्दलचं मत तिने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. "या मानसाच्या घरी भूक लागली ना, तं बिस्कुटाचा पुडा उघडेपर्यंत जेवनाचीच वेळ होते."

पार्वताबाई आमच्या बाजारात मासोळी विकायची. तलावाच्या काठावरचं तिचं माहेर, पाण्यातून मासोळी निघाली की तिचा घसा उघडायचा. रोहू, कतला, मरळ, पावसाळ्यात झिंगे. आवाज असा की वरोऱ्याला जाणाऱ्या बसमधला माणूस खाली उतरून अर्धा किलो घेऊन जायचा. मोठी मासोळी कापायला तिची पावशी होती, आणि खवले काढायला, पोट साफ करायला एक सुरी. तिच्या आईची सुरी ती. तिवसाच्या लाकडाची मूठ, पातं घासून घासून बोटभर रुंदीचं राहिलेलं.

आता ही सुरी नीट लक्षात घ्या, कारण गोष्ट तिचीच आहे.

पार्वताबाईला जाऊन तिसरं वर्ष लागलं. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. बाजारात कडुलिंबाच्या झाडाखाली तिची बसायची जागा होती. तिथे तिच्या सोबतिणींनी एक दगड ठेवून दिला आणि कोणाला बसू दिलं नाही. आमच्या मासोळीच्या ओळीत तशी रीत आहे. बाई गेली की तिची जागा लेकीसाठी, सुनेसाठी राखतात. पण जी कोणी बसायला येईल तिने त्याच बाईच्या सुरीने सगळ्यांसमोर पहिली मासोळी साफ करायची, आणि ती विकायची नाही, ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला द्यायची. मग जागा तिची. नवी सुरी घेऊन आली तर तीही नवी. नव्या बाईने ओळीच्या शेवटी बसायचं, नालीजवळ, जिथे गिऱ्हाईक नाक दाबून पुढे निघून जातं.

यंदा पार्वताबाईची लेक मंदा नवऱ्यासोबत सासरहून इथे भाड्याच्या खोलीत राहायला आली. नवरा खाणीवर ट्रक चालवतो, घर चालायला तेवढं पुरत नाही. मंदा आईसारखीच बोलकी, आईसारखीच फटकळ. तिने ठरवलं आईच्या जागेवर बसायचं. बाजारातल्या बायका म्हणाल्या, "ये ना पोरी. सुरी घे अन् ये. पन लवकर ये, लोक त्या जागेवर डोळा ठेवून आहेत."

सुरी डब्यात होती. मंदाने काढली आणि घरी एक रोहू साफ करून पाहिली. तर सुरी हातातून फिरली आणि तळहातावर चीर पडली.

दोष सुरीचा नव्हता, मुठीचा होता. त्या मुठीवर वर्षानुवर्षं पट्ट्या गुंडाळून, चिकटवून, पुन्हा गुंडाळून ती मक्याच्या भुट्ट्याएवढी झाली होती. वरच्या पट्टीचा गोंद आमच्या उन्हाळ्यात वितळून गुळासारखा चिकट, आणि मासोळीचं पाणी लागलं की तोच बुळबुळीत. आतून सगळं सैल. धरली एकीकडे की फिरते दुसरीकडे.

आता भद्रावतीत चिकटलेलं काढायला माणूस शोधायचा तर तो कोण? मंदा बापाकडे गेली. "बाबा, हे समदं सोलून द्या. रविवारच्या बाजारात बसतो म्हनतो मी."

लटारीभाऊंनी सुरी हातात घेतली. वास घेतला नाही. परत डब्यात ठेवली. म्हणाले, "पाहू."

अहो, लोकांच्या दारावरचे उमेदवार सोलणारा माणूस स्वतःच्या लेकीला "पाहू" म्हणतो! तो रविवार गेला. मंदाने पुन्हा विचारलं. "उद्या करतो." उद्याचे आठ उद्या झाले. दुसरा रविवारही गेला. मंदा माझ्या ओट्यावर येऊन बसली, हाताला चिंधी बांधलेली. "कांतामावशी, बाबाले काय झालं वो? नाई करत असन तं नाई म्हनावं. मी फेकतो थे अन् नवीन घेतो. नालीजवळ बसीन. थे जागा तरी माह्यासाठी किती दिवस धरून ठेवतीन बाया?"

मी गेले तशीच भिंतीला वळसा घालून. लटारीभाऊ एका जुन्या दारूच्या बाटलीचं लेबल काढत होते. मी म्हटलं, "भाऊ, बाटलीले दारूवाला वापस नाई मांगत. लेकीची सुरी काऊन अडवून राह्यले?"

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, त्या मुठीवर मी माह्या मनानं एकही लपेट नाई टाकला. समदे तिनं मांगितले. दर दोन-तीन वर्षानं म्हने, मूठ बारीक पडते वो, थोडी भरून द्या. मी चिडो. म्हनो, तुही मूठ काही भरतच नाई. पन देत जाओ भरून. आता तिनं भराले लावलं थे मी कसा सोडू?"

पण मंदाच्या हातावरची चिंधी डोळ्यांपुढे होती. मी म्हटलं, "तिनं मांगितलं तवा तुमी दिलं. आता तिची लेक मांगून राह्यली."

गुरुवारी भाऊ सुरी घेऊन बसले. मी भाजी निवडायचं निमित्त करून समोर जाऊन बसले, कारण हा माणूस मध्येच उठून जाईल अशी मला भीती होती. एका गंजात, म्हणजे पातेल्यात, गरम पाणी, एका वाटीत तेल, एका वाटीत जावयाच्या गाडीतलं पेट्रोल, बांबूच्या चपट्या काड्या आणि चिंध्या. लोखंड वापरायचं नाही, लाकडाला ओरखडा जातो.

सगळ्यांत वर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी होती, आता काळी झालेली. "हे शेवटच्या साली. हे तेलाले मानते." तेल चोळून वाट पाहिली, आणि पट्टी सापाच्या कातीसारखी निघाली. तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचं रबर. ते पेट्रोलला मानलं. त्याच्याखाली त्यांच्याच जुन्या खाकी सदऱ्याची पट्टी, काळ्या कशात तरी बसवलेली. भाऊ म्हणाले, हा सरस आहे, सुताराचा गोंद, हा वाफेला मानतो. सुरी वाफेवर धरली आणि सवयीप्रमाणे नाक अगदी जवळ नेऊन वास घेत, फुंकर घालत, अर्धा तास तो कपडा सोडवला.

शुक्रवारी सकाळी दार उघडून बाहेर आले तर मी ओळखलंच नाही. तोंड पोळ्याच्या पुरीसारखं फुगलेलं, डोळ्यांच्या जागी दोन रेघा, बोटांवर फोड. गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं मधमाश्या, कोणी म्हणालं कोणाशी मारामारी. लटारीभाऊंनी सुजलेल्या ओठांतून कसंबसं सांगितलं, "बिबा उतला."

झालं असं होतं की खाकी पट्टीच्या साली पार्वताबाई म्हणाली होती, पाणी आत शिरून पट्टी सडते. म्हणून यांनी आधीच्या काळ्या टेपवर बिब्याचं तेल चोपडलं, की पाणी शिरायला नको, आणि तिच्या हाताला लागू नये म्हणून वरून कपडा. जंगलातला बिबा आमच्याकडे कशालाही लावतात. पण तो अंगावर उतला की काय होतं ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि हे महाशय स्वतः लावलेलं विसरून त्याची वाफ नाकाने ओढत बसले.

मंदाने दवाखान्यात नेलं, मलम आणलं, आणि सगळ्या वाटेने बोलत आली. "साऱ्या दुनियेचा गोंद ओळखते हा मानूस, अन् आपलाच बिबा नाई ओळखला!" डॉक्टरने सांगितलं की चार-पाच दिवस कशाला हात लावायचा नाही. रविवार तर परवावर आलेला. मंदा मला दारात म्हणाली, "जाऊ द्या मावशी. आता नाई होत. उद्या नवीन घेऊन येतो."

आतून आवाज आला. "थांब. बाई करतीन."

मी! मी शाळेच्या खिचडीत आयुष्य घालवलेली बाई. गंज घासताना लागलेलं कडकडीत करपलेलं मी विळ्याने खरवडून काढते. पण डोळे मिटलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शनिवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसले. ते भिंतीला टेकून, तोंडाला मलम, डोळे बंद. आधी माझ्या हाताला खोबरेल तेल चोळायला लावलं. मग आतून शिवणीत उकललेल्या, साबूत, धुवून ठेवलेल्या दुधाच्या दोन पिशव्या आणवल्या आणि त्या माझ्या हातांत मोज्यांसारख्या चढवल्या. सुरी साबणाने तीनदा धुवून घेतली. ती बिब्याची भीती गेल्यावर पिशव्या काढायची परवानगी मिळाली.

काळी टेप उघडी पडली होती. तिचा गोंद पाघळलेला. "हे कोनाले मानते?" मी विचारलं.

"राखीले. राख चोळा. घाई नोका करू. थे येते आपल्यानं."

राख चोळली, टेप सुटत आली. तिच्याखाली जाळ्याचा दोरा, एकाला एक लावून गुंडाळलेला, धावड्याच्या डिंकात बसवलेला. हा सगळ्यांत पहिला लपेट. ओली चिंधी गुंडाळून ठेवायची आणि थांबायचं.

थांबलो तसे बोलायला लागले. डोळे मिटलेले असल्यामुळे की काय, जास्तच बोलले. "हा दोरा मंदाच्या लग्नाच्या आधीचा. सकाळी मासोळी घेऊन निंगाली अन् परत आली. म्हने, सुरी हातातून सुटून राह्यली, मूठ बारीक पडते. मी म्हनलं, तुह्या मायची सुरी, आजवर नाई पडली बारीक? तं हासली. म्हने, द्या ना भरून, तुमाले तं गुंडाळाचं काम येते." मग माझ्याकडे मान वळवून, "बाई, पान्यानं दोरा फुगला का पहा."

फुगला होता. टोक सापडायला वेळ लागला. मग एकेक वेढा उलटा फिरवत मी सोडत गेले. लाकूड दिसायला लागलं. बारीक, काळसर, तिच्या आईच्या आणि तिच्या हाताने तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. मला आनंद झाला. म्हटलं, भाऊ, निघालं हो! आणि राहिलेला डिंक पुसायला म्हणून मी सुरी मुठीत धरली.

ती माझ्या हातातून सुटून ताटात पडली. मी पुन्हा उचलली. अंगठा काही तिच्यावर बसेना. पुन्हा पडली. मी हसून म्हटलं, "बारीकच आहे जी ही मूठ. हातातच नाई बसत."

लटारीभाऊ सरळ बसले.

"काय म्हनलं बाई?"

"मूठ बारीक आहे म्हनलं."

"हात दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हनतो ना."

मी हात पुढे केला. त्यांना डोळे उघडता येत नव्हते. फोड आलेल्या बोटांच्या टोकांनी त्यांनी माझं एकेक बोट चाचपलं, प्रत्येक सांध्यावर थांबत, एखाद्या गुंत्यात दोऱ्याचं टोक शोधावं तसं. अंगठ्याच्या मुळाशी आले आणि जरासं दाबलं.

"हे दुखते?"

"नाई."

त्यांनी हात सोडला नाही. नुसते थांबले. हा माणूस थांबण्यात किती पक्का आहे ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

"दुखते," मी म्हटलं. "सकाळी तं मूठच मिटत नाई."

"कवापासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"कोनाले सांगतलं?"

"कोनाले सांगू? अन् सांगाचं काय त्यात."

मग त्यांनी माझा हात हळूच माझ्या मांडीवर परत ठेवला, दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा. आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मूठ बारीक नोती पडत बाई. पाच वेळा म्हनली थे मले. पाच वेळा मी मूठ पाह्यली. हात नाई पाह्यला."

सुजलेल्या डोळ्यांतून पाणी कुठून वाट काढतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

मलाही तेव्हाच आठवलं. शेवटची काही वर्षं पार्वताबाई गिऱ्हाइकाला मासोळी दोन्ही हातांनी द्यायची. पिशवी एवढीशी, पण दोन्ही हात पुढे करून. आम्ही बायका म्हणायचो, पार्वता वयानं किती नरम झाली, कशी मानानं देते. मी स्वतः तिच्या दोन हातांतून शंभरदा मासोळी घेतली असेल. घरी येऊन तिचं कौतुकही केलं. मी तरी कुठे हात पाहिला?

दुपारी मंदा आली. तिने सुरी उचलली आणि बोटं अशी मिटली की लाकूड दिसेनासं झालं. "अगा बाप्पा! किती हलकी झाली ही!" तिचा आनंद पाहून भाऊंनी तोंड पुसलं. ताटात सगळे लपेट पडले होते, चिकटपट्टी, रबर, खाकी, टेप, दोरा. मी विचारलं, हे कुठे ठेवू? सुतळीचा तुकडा न फेकणारा हा माणूस. म्हणाला, "घंटागाडीत टाका. थे ठेवून काय करू?"

रविवारी मंदा लिंबाखाली बसली. पहिलीच मासोळी मरळ, म्हणजे सगळ्यांत बुळबुळीत. साऱ्या बायका माना लांब करून पाहत होत्या. मंदाने एका दमात साफ केली, पानावर ठेवली आणि ओळीतल्या म्हातारीच्या पुढ्यात सरकवली. म्हातारीने मासोळी हुंगली, मान हलवली, आणि मग समोर बोट दाखवून ओरडली, "पन थो चहाच्या टपरीपाशी तोंड झाकून कोन उभा आहे वो? सकाळपासून इकडेच पाहून राह्यला! चोर तं नाई?"

मंदाने पाहिलं. दुपट्ट्यात गुंडाळलेलं सुजकं तोंड, खाली खाकी सदरा.

"चोर नाई आत्या. बाप आहे माहा."

मग बाप जवळ आला. गिऱ्हाईक उभं असताना, सगळ्यांदेखत विचारतो, "हात कसा आहे?"

"चीर भरली बाबा. मासोळी घ्याची असन तं घ्या, नाईतं बाजूले व्हा. धंद्याचा टाइम आहे."

बाजूला झाले, पण सवय लागली ती लागलीच. आता लटारीभाऊंकडे काहीही सोडवायला न्या, चिकटलेलं झाकण न्या, अडकलेली चेन न्या, ते आधी म्हणतात, हात दाखवा. बोटं चाचपतात, विचारतात, दुखते का, कवापासून, कोनाले सांगतलं. गल्लीत बातमी पसरली की भाऊ हात पाहायला लागले. दोन बाया पोरीच्या लग्नाचा योग विचारून गेल्या. त्यांनाही बसवून घेतलं, एकीला सरळ दवाखान्यात पाठवलं. आता त्यांच्या ओसरीवर दिवसभर कोणी ना कोणी असतं. घरी मात्र एकटेच जेवतात, तेव्हा भिंतीवरून मी वाटी देते. ते वाटी घेताना आधी माझा हात पाहतात.

त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू आहेत. फार फरक नाही, थोडा आहे. माझा मुलगा पुण्याला असतो, गुणी आहे, रोज फोन करतो. आई, बरी आहेस ना? मी म्हणते, बरी आहे रे. आता त्याचं काय चुकलं? फोनवर आवाज ऐकू येतो, हात काही दिसत नाहीत.

म्हणून म्हणते, तुम्ही पुन्हा या. सुट्टी लागेल तेव्हा येऊ, पुढच्या वर्षी पाहू, असलं काही सांगू नका, लवकर या. रविवारी आलात तर मंदाकडची मरळ आणू. चूल मी पेटवते, रस्सा मी करते. मसाला मात्र तुम्ही वाटायचा. माझे हात दुखतात.